नक्कल, नुकसान आणि दुरुस्ती

मुलांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही गालाच्या आतील पेशी पाहिल्या असतील. स्वच्छ काडीने गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, काडीला लागलेले काचपट्टीवर पसरायचे, त्यावर मेथिलिन ब्लूचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. फिकट निळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या चकत्या दिसतात आणि प्रत्येक चकतीत एक गडद ठिपका दिसतो. चकती म्हणजे पेशी. उर्दूच्या पुस्तकात तिला तुम्ही ‘खलिया’ म्हणता. ठिपका म्हणजे केंद्रक, तुमचा ‘मरकज़ा’. आजचा पाठ या ठिपक्याविषयी आहे.

मराठीच्या तासाला विज्ञान कशाला, असे मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटेल. त्याला सांगते, की या पाठातील तीन मुख्य शब्द तुम्ही घरूनच घेऊन आला आहात. नक्कल, नुकसान आणि दुरुस्ती. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीत असे रुळले आहेत की ते बाहेरून आले याची आज कोणाला आठवणही नाही. पाठाचे नाव वाचताना तुम्हांला शब्दकोश उघडावा लागला का?

आपल्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी पेशी आहेत. केंद्रक असलेल्या पेशीत डीएनए नावाचा अतिशय लांब आणि बारीक धागा गुंडाळून ठेवलेला असतो. खरे म्हणजे तो एक सलग धागा नसतो. त्याचे ४६ तुकडे असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून. एका पेशीतील हे सगळे तुकडे टोकाला टोक लावून सरळ केले, तर लांबी सुमारे दोन मीटर भरेल. म्हणजे जवळजवळ वर्गाच्या दाराएवढी. आणि हे सारे ज्यात मावते तो ठिपका एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान!

या धाग्यावर लिहिलेले असते. डीएनएच्या लिपीत अक्षरे मात्र चारच आहेत : ए, टी, जी आणि सी. चार रसायनांच्या नावांची ही पहिली अक्षरे. आई किंवा वडील यांच्याकडून आलेल्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. शरीराला लागणारी प्रथिने कशी बनवायची, कधी बनवायची, पेशीने केव्हा वाढायचे आणि केव्हा थांबायचे, हे सगळे त्यात लिहिलेले असते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडेल. हा धागा दुपदरी असतो. एका पदरावर ए असेल, तर समोरच्या पदरावर टी असतो. एकावर जी असेल, तर समोर सी असतो. त्यामुळे एक पदर हाती असला की दुसऱ्यावर काय लिहिले असेल ते अचूक सांगता येते.

पेशीची दोन भागांत विभागणी होण्याआधी डीएनएची नक्कल होते. गालाच्या आतील त्वचा रोज झिजते आणि तिच्या जागी सतत नव्या पेशी येतात. म्हणजे तेथे नक्कल करण्याचे काम कायम चालू असते. हे काम करणाऱ्या प्रथिनाला विकर म्हणतात. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘खामरा’ तो हाच. हे विकर सुमारे एक लाख अक्षरांत एखादी चूक करते. तुम्ही शुद्धलेखनाच्या वहीत किती करता ते मी सांगत नाही! विकर स्वतःच मागे वळून आपल्या बहुतेक चुका खोडते. जी चूक सुटते, ती तपासणारी प्रथिनांची दुसरी टोळी असते. दोन्ही तपासण्या झाल्यावर १०० कोटी अक्षरांत एखादीच चूक राहते.

नकलेची गोष्ट झाली. आता नुकसान.

आपल्या मालवणात मे महिन्यात काय चालते ते तुम्ही पाहता. कौलारू घरे शाकारली जातात. माणूस छपरावर चढतो, एकेक कौल परततो, फुटके काढतो, नवे बसवतो. गेल्या मृगाला जे छप्पर धड होते, त्यावर वर्षभरात झावळी पडते, नारळ पडतो, माकडे उड्या मारतात, ऊन आणि खारा वारा तर रोजचाच. कोणी मुद्दाम दगड मारला नाही, तरी दरवर्षी काही कौले फुटायचीच.

डीएनएचेही तसेच आहे. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा सांभाळणारा हा पदार्थ दगडासारखा टिकाऊ असला पाहिजे. स्वीडनचे टोमास लिंडाल यांनी १९७० च्या दशकात हा समज खोटा ठरवला. पेशीत पाणी असते. त्या साध्या पाण्याच्या संपर्काने आणि शरीराच्या उबेने डीएनएची अक्षरे आपोआप गळून पडतात, सी चे रूप बदलते. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन अन्न जाळून शक्ती देतो, पण त्या कामात काही तापट रेणू तयार होतात आणि ते डीएनएला चटके देतात. असे लहानमोठे नुकसान एका पेशीत एका दिवसात दहा हजारांहून अधिक वेळा होते. तुम्ही हा परिच्छेद वाचेपर्यंत तुमच्या प्रत्येक पेशीत काही अक्षरे मोडली असतील. घाबरू नका. त्यांतली बहुतेक दुरुस्तही होतील.

हे झाले घरातले नुकसान. बाहेरून होणाऱ्या नुकसानात पहिला मान सूर्याचा. रापण ओढणारी माणसे तुम्ही किनाऱ्यावर पाहता. सकाळपासून उघड्या अंगावर ऊन. त्या उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. डीएनएत कोठे दोन टी शेजारी शेजारी असतील, तर हे किरण त्यांना एकमेकांशी जोडून टाकतात. समोरच्या ए चा हात सोडून टी शेजाऱ्यालाच चिकटतो. त्या जागी धाग्याला गाठ पडल्यासारखे होते आणि नक्कल करणारे विकर तेथे अडखळते.

मग रापणकरांच्या त्वचेचे काय? आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन नावाचे काळे द्रव्य असते. पेशीत ते केंद्रकाच्या वरच्या बाजूला, जिकडून ऊन येते तिकडे, छत्रीसारखे गोळा होते. गोरे लोक जास्त असलेल्या ऑस्ट्रेलियात त्वचेचा कर्करोग फार आढळतो. आपल्याकडे तो त्यामानाने पुष्कळ कमी. गोरे होण्याचे मलम विकत घेणाऱ्यांनी या छत्रीचा जरूर विचार करावा.

पण छत्री असूनही काही किरण आत शिरतातच. त्यांनी केलेली मोडतोड कोण निस्तरते? हे शोधून काढणाऱ्या एका शास्त्रज्ञाची हकिगत सांगते.

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सावुर नावाचे एक लहान गाव आहे. तेथे १९४६ साली एका शेतकरी कुटुंबात अझीझ संजार यांचा जन्म झाला. आठ भावंडांतले ते सातवे. आईवडिलांना लिहितावाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकावे ही त्यांची ओढ मोठी होती. अझीझना फुटबॉलचे वेड होते. ते गोलरक्षक होते आणि त्या खेळात पुढे जाण्याचे स्वप्न पाहत होते. आपली उंची पुरेशी नाही असे वाटल्याने त्यांनी तो नाद सोडला. ते इस्तंबूलला डॉक्टर झाले आणि आपल्याच भागात खेड्यांत औषधोपचार करू लागले. पण मन संशोधनात होते. ते अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी आधी जिवाणूंतील एका विकराचा अभ्यास केला. हे विकर प्रकाशाच्याच मदतीने दोन टी ची गाठ सोडवते. उन्हाने केलेले नुकसान उजेडानेच भरून निघते, गंमत आहे ना? माणसाच्या शरीरात मात्र हे विकर नाही. आपली पद्धत वेगळी आहे. संजार यांनी ती बारकाईने उलगडली. दुरुस्ती करणारी प्रथिने गाठीच्या दोन्ही बाजूंना कात्री लावतात, सुमारे तीस अक्षरांचा तुकडा कापून काढतात आणि समोरच्या पदराकडे पाहून रिकामी जागा नव्याने भरतात.

आता कळले, दुपदरी धाग्याची गोष्ट लक्षात ठेवायला का सांगितली? समोरचा पदर शाबूत असेल तर काय भरायचे ते ठाऊक असते. या कामाबद्दल २०१५ साली अझीझ संजार, टोमास लिंडाल आणि अमेरिकेचे पॉल मॉडरिच या तिघांना रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. नकलेतील चुका तपासणारी जी दुसरी टोळी मघाशी सांगितली, तिचे काम मॉडरिच यांनी शोधले.

काही मुले जन्मतःच ही कात्री नीट न चालणारी असतात. त्यांना उन्हात जाताच येत नाही. थोडेसे ऊन लागले तरी त्वचा भाजल्यासारखी होते आणि लहान वयातच त्वचेचा कर्करोग होतो. तुमच्याआमच्या शरीरात दुरुस्तीचे काम किती मोठे आहे, हे त्यांच्याकडे पाहून समजते.

नुकसान करणाऱ्या आणखी एकदोन गोष्टी थोडक्यात सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्याला बुरा येतो. चपलेला येतो, पुस्तकाला येतो, तसा भुईमुगाच्या शेंगांना, मक्याला आणि सुक्या खोबऱ्यालाही येतो. त्यातली एक हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची बुरसलेली पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरसलेला मका खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले, तर यकृतातील पेशींच्या डीएनएला ते चिकटते आणि यकृताचा कर्करोग होऊ शकतो. धुऊन किंवा भाजून ते पुरते जात नाही. बुरसलेले खोबरे पुसून आमटीत घालणारी काटकसर म्हणून महागात पडते.

क्ष-किरणांनीही डीएनए तुटतो. क्ष-किरणांनी जनुके बदलतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली फळमाश्यांवर प्रयोग करून दाखवले. म्हणून हात मोडल्यावर डॉक्टरांनी सांगितलेला फोटो काढायला घाबरायचे का? मुळीच नाही. किती मात्रा, हा प्रश्न महत्त्वाचा. केरळमध्ये करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम आहे आणि तेथील लोकांना जन्मभर इतरांपेक्षा जास्त किरण मिळतात. तेथील सुमारे ७० हजार लोकांवर सरासरी दहा वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांच्यात कर्करोग वाढलेला आढळला नाही. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. थोडे थोडे नुकसान झाले, तर कौले परतायला सवड मिळते, असा मी त्याचा अर्थ लावते.

पण छपरावर रोज चारपाच वेळा कोणी दगड मारू लागला तर?

मुलांनो, आता मी तुम्हांला माझ्या घरात नेते. माझी दादी पहाटे उठायची. फजरच्या नमाजनंतर चूल पेटवायची आणि चुलीवर चहाच्या आधी तवा ठेवायची. त्यावर तंबाखूची पाने भाजायची. ती काळी होईपर्यंत भाजायची, मग हाताने चुरून बारीक पूड करायची. हीच मशेरी. काही ठिकाणी तिला मिश्री म्हणतात. भाजताना असा खाट उठे की आम्ही खोकत अंगणात पळायचो. पूड एका पितळी डबीत जाई. सकाळी दात घासायला एक बोट. जेवणानंतर एक बोट. दुपारी शेजारणी ओटीवर जमल्या की डबी सगळ्यांत फिरे. रात्री निजताना आणखी एक बोट, आणि ती पूड डाव्या गालात तशीच राही. दात साफ राहतात, पोट साफ होते, डोके दुखत नाही, असे तिचे म्हणणे. तंबाखूची पाने आणायला बाजारात मला पाठवत. उरलेल्या सुट्या पैशांची चिक्की मिळे, म्हणून मी आनंदाने धावत जाई.

माझ्या दादीने जन्मात विडी ओढली नाही. धूर ओढला नाही म्हणजे तंबाखूचे पाप आपल्याला लागत नाही, असे तिला वाटे. येथेच तिची चूक झाली, आणि आमची सगळ्यांचीच. ती का झाली ते आता पेशीच्या बाजूने पाहू.

तंबाखूच्या पानात निकोटिन असते हे तुम्हांला ठाऊक आहे. पाने वाळवून मुरवताना या निकोटिनपासून आणि त्याच्या जातीच्या इतर द्रव्यांपासून नायट्रोसअमाइन नावाची रसायने बनतात. त्यासाठी आग लागत नाही. ती तोंडात विरघळली की पेशीत शिरतात. शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी त्यांचे रूप बदलू पाहते आणि नेमकी या बदलात ती जहाल होतात. मग त्यांच्यातला एक लहानसा गट डीएनएमधील जी ला चिकटतो. जी चा चेहराच असा बदलतो की नक्कल करणारे विकर त्याला ए समजते आणि समोर सी ऐवजी टी लिहून मोकळे होते. पुढच्या नकलेत ही चूक कायमची होते. आता दोन्ही पदर एकमेकांशी जुळतात, मग तपासणाऱ्याला चूक दिसणार कशी?

हा चिकटलेला गट काढून घेणारे एक प्रथिन आपल्याकडे आहे. पण त्याची रीत अजब आहे. ते जी वरचा गट स्वतःच्या अंगावर घेते आणि त्याच क्षणी कायमचे निकामी होते. एका प्रथिनाकडून एकच दुरुस्ती. पेशीला ते पुन्हा नवे बनवावे लागते. दिवसातून एकदाच हल्ला झाला, तर भरपाई करता येईल. सकाळी, जेवणानंतर, दुपारी आणि निजताना, आणि निजताना तर रात्रभर! दादीच्या डाव्या गालातील पेशींना शाकारायला उसंत कधी मिळत होती?

मशेरीत आणखी एक भर पडते, ती तव्यावर. कोणतेही पान, लाकूड किंवा कोळसा अर्धवट जळला की काजळीत बेंझोपायरीन नावाचे द्रव्य तयार होते. याची कथा जुनी आहे. लंडनमध्ये १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यवैद्याने पाहिले की धुराड्यांत उतरून काजळी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी त्वचेचा कर्करोग होतो. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. पुढे १९३० च्या दशकात लंडनमध्येच डांबरातून बेंझोपायरीन वेगळे काढण्यात आले. १९९६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शेवटचा दुवा जुळवला. डीएनएमध्ये पी-५३ नावाचे एक जनुक आहे. ते पेशीचा राखणदार आहे. डीएनए फार मोडला असेल, तर ‘आधी दुरुस्ती, मग नक्कल’ असा हुकूम ते देते. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर पेशीला मरायला लावते. फुप्फुसाच्या कर्करोगात या जनुकातली ज्या ज्या जागची अक्षरे बिघडलेली सापडतात, नेमक्या त्याच जागी बेंझोपायरीन चिकटते, असे त्यांना आढळले. चोराने आधी राखणदारालाच गाठावे, तशातला हा प्रकार.

आपल्या देशात या विषयाकडे पहिल्यांदा नीट लक्ष देणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव घ्यावे लागते. आडनाव ऐकून वेंगुर्ले तालुक्यातले खानोली गाव आठवले ना? मुंबईला परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे ते रोगनिदानशास्त्राचे काम पाहत. भारतीय लोकांत तोंडाचा कर्करोग इतका का, आणि तो गालात नेमका तंबाखू ठेवण्याच्या जागीच का, याचा त्यांनी अभ्यास केला. १९५२ साली कर्करोग संशोधनाचे केंद्र निघाले, त्याचेही ते पहिले संचालक होते. त्याच संस्थेत पुढे १९८० च्या दशकात डॉ. भिडे आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्या घरगुती मशेरीचीच परीक्षा घेतली. तिच्यात बेंझोपायरीन सापडले.

मशेरीने जनुके बदलतात का, हे पाहण्याची युक्ती मोठी छान आहे. काही जिवाणू असे निवडतात की त्यांना एक विशिष्ट अन्नघटक स्वतः बनवता येत नाही. तो दिला नाही तर ते वाढत नाहीत. आता बशीत तो घटक न घालता मशेरीचा अर्क घालायचा. जिवाणूंचा डीएनए तसाच राहिला, तर बशी जवळजवळ रिकामी राहील. डीएनए बदलला, तर काहींना तो घटक बनवण्याची हरवलेली कला परत येईल आणि बशीत ठिपके उगवतील. ठिपके उगवले. प्राण्यांवरील प्रयोगांतही गाठी आढळल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली हे नुकसान प्रत्यक्ष पाहताही येते. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या गालाच्या पेशी तुमच्यासारख्याच काडीने खरवडून पाहिल्या, तर काही पेशींत मोठ्या ठिपक्याशेजारी एक इवलासा ठिपका दिसतो. पेशीची विभागणी होताना गुणसूत्राचा तुटलेला तुकडा मागे राहिला, त्याचा तो ठिपका. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. न खाणाऱ्यांत तो क्वचित दिसतो, खाणाऱ्यांत जास्त पेशींत दिसतो.

वर्गात मी हे सांगितले की एक हात नेहमी वर येतो. “बाई, आमचे नाना रोज तंबाखू खातात. नव्वद वर्षांचे झाले. त्यांना काही झाले नाही.” प्रश्न चांगला आहे, आणि नानांना अल्लाह आणखी आयुष्य देवो. उत्तर असे, की ३०० कोटी अक्षरांत चूक कोठे पडेल हे कोणी ठरवत नाही. बहुतेक चुका अशा जागी पडतात की तेथे काही बिघडत नाही. राखणदाराच्या जागी, पेशीला थांबवणाऱ्या जागी, वाढीचा हुकूम देणाऱ्या जागी, अशा काही मोजक्या ठिकाणी एकाच पेशीत बिघाड जमले, तर ती पेशी बेबंद वाढू लागते. त्याला वीस-तीस वर्षे लागू शकतात. रस्ता न पाहता धावत ओलांडणारा प्रत्येक जण गाडीखाली येत नाही. नाना ओलांडून गेले. माझ्या दादीला ते जमले नाही.

तिच्या गालात आधी एक पांढरा चट्टा आला. चुना लागला असेल असे म्हणून कोणी लक्ष दिले नाही. मग तो लाल झाला, तिखट झोंबू लागले. मग जखम झाली आणि ती भरेना. दाताचा त्रास समजून दात काढला. जखमेसाठी हळद झाली, लवंगेचे तेल झाले, दम केलेले पाणी झाले. शेवटी मुंबईला नेले तेव्हा गाठ मानेत उतरली होती. २००१ च्या पावसाळ्यात ती गेली. मी बारा वर्षांची होते. तंबाखूची पाने मीच आणत होते हे मला बी.एड. झाल्यावर, मुलांना शिकवायला लागल्यावर नीट उमगले.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. पण मशेरीला दुकान लागत नाही. ती घरच्या तव्यावर होते, आई मुलीला देते, सासू सुनेला देते. म्हणून डॉक्टरांनाच घरांपर्यंत जावे लागते. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा स्मारकाबरोबर २००३ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील गावांत स्त्रियांच्या अशा तपासण्या सुरू केल्या. तोंडात पाहायला फार साधन लागत नाही. चांगला उजेड आणि पाहणारे डोळे पुरतात. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काही दिसले की डॉक्टरांकडे जायचे.

अम्मीच्या तोंडात मी असाच उजेड पाडून पाहिले. तीही मशेरी लावायची, दादीच्याच डबीतून. प्रथम तिने तोंडच उघडले नाही. मास्तरीण झालीस म्हणून आईचे दात मोजणार का, असे म्हणाली. दुसऱ्या दिवशी उघडले. डाव्या गालात बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी लहानसा तुकडा काढून तपासला. पेशी थोड्या बदललेल्या होत्या, कर्करोग नव्हता. औषध एकच सांगितले, डबी बंद.

पहिले पंधरा दिवस घरात कोणी धड बोलले नाही. तिचे डोके दुखे, पोट साफ होत नसे, भांडी आपटली जात. निकोटिन सुटताना असेच होते, हे मला ठाऊक होते, पण ठाऊक असून भांड्यांचा आवाज कमी होत नाही. बडीशेप झाली, लवंग झाली, कडुनिंबाची काडी झाली. दोनदा तिने शेजारून बोटभर आणून लावली आणि दोन्ही वेळा स्वतःच सांगितले. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी पाहिले तेव्हा चट्टा फिका होऊन निम्म्यावर आला होता. आता दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो.

डबी फडताळात आहे. टाकू नकोस, सुया ठेवायला होईल, असे अम्मी म्हणाली. सुया अजून ठेवलेल्या नाहीत.